घटक ६ : किंमत, मूल्य आणि मोल : एका लहान व्हिडिओ गेमच्या निमित्ताने परीक्षणलेखनाचा अभ्यास

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• 'किंमत', 'मूल्य' आणि 'मोल' या शब्दांतील अर्थभेद सांगता येईल.
• मूल्यमापनपर विधानांत 'फक्त', 'अवघा', '-च' यांसारखे शब्द व प्रत्यय कोणते कार्य करतात, हे स्पष्ट करता येईल.
• 'अमुक कलाकृती किमतीच्या मानाने लहान आहे' या युक्तिवादाची चिकित्सा करता येईल.
• लांबी आणि किंमत यांचा प्रामाणिक उल्लेख करणारे संतुलित परीक्षण लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ग्रंथपरीक्षणाचे स्वरूप पाहिले. पुस्तकाचे परीक्षण करताना त्याच्या छापील किमतीचा उल्लेख आपण बहुधा शेवटच्या ओळीत, पृष्ठसंख्येच्या शेजारी करतो. हे पुस्तक दोनशे रुपयांचे आहे की चारशे, यावरून त्याच्या वाङ्मयीन गुणवत्तेचा निवाडा आपण करत नाही. प्रस्तुत घटकात मात्र अशा एका परीक्षणप्रकाराकडे वळायचे आहे, की ज्यात किमतीचा प्रश्न अगदी पहिल्या ओळीत येतो. तो प्रकार म्हणजे व्हिडिओ गेमचे परीक्षण.

तुमच्यापैकी अनेकांनी व्हिडिओ गेम कधी खेळला नसेल. काहींच्या मुलांनी तो घरात आणला असेल. या घटकासाठी खेळण्याचा अनुभव आवश्यक नाही. संगणकावर, मोबाइलवर किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्रावर चालणारी, खेळणाऱ्याच्या कृतीनुसार पुढे सरकणारी कलाकृती, एवढी व्याख्या आपल्याला पुरेशी आहे. या कलाकृतींची लांबी अतिशय भिन्न असते. काही गेम तासाभरात संपतात, तर काहींना शंभर तास लागतात. त्यामुळे लहान गेमबद्दल एक प्रश्न वारंवार विचारला जातो : 'एवढ्याशा खेळासाठी एवढे पैसे का मोजावेत?'

हा प्रश्न क्षुल्लक नाही. विचारणाऱ्याने पैसे कष्टाने मिळवलेले असतात आणि ज्याच्याबद्दल तो विचारला जातो त्याचीही उपजीविका त्यावर अवलंबून असते. शिवाय कादंबरी आणि कथा, नाटक आणि एकांकिका, खंडकाव्य आणि अभंग यांना आकाराच्या एकाच मापाने मोजता येईल का, हा आपल्या अभ्यासक्षेत्रातला जुनाच प्रश्न येथे नव्या रूपात समोर येतो.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ परीक्षणाचा विषय : 'वेन्बा'

चर्चेसाठी आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. 'वेन्बा' हा गेम कॅनडातील टोरांटो येथील 'विसाई गेम्स' या लहान निर्मितीसंस्थेने ३१ जुलै २०२३ रोजी प्रकाशित केला. प्रकाशनसमयी त्याची किंमत १४.९९ अमेरिकी डॉलर होती. तो पूर्ण करण्यास साधारणपणे एक ते दीड तास लागतो. २०२४ मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेचा पदार्पणातील गेमसाठीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी स्वतंत्र निर्मात्यांच्या महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिकही मिळाले. तरीही 'पंधरा डॉलरांना दीडच तास' ही तक्रार त्याच्या वाट्याला आली. म्हणूनच आपल्या अभ्यासासाठी तो उपयुक्त आहे.

गेमचे कथानक असे : वेन्बा आणि तिचा पती पावलन हे तमिळनाडूतून १९८०च्या दशकात कॅनडाला स्थलांतरित झालेले जोडपे. त्यांना कविन नावाचा मुलगा होतो. वेन्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे. परंतु तिची पाने फाटलेली, डागाळलेली, अक्षरे पुसट झालेली आहेत. खेळणाऱ्याने उरलेल्या मजकुरावरून, चित्रांवरून आणि तर्काने पाककृती पूर्ण करायची असते. उदाहरणार्थ, इडलीपात्रातील ताटल्या कशा रीतीने एकावर एक ठेवाव्यात, म्हणजे वाफ सर्वत्र पोहोचेल, हे शोधून काढावे लागते. प्रत्येक प्रकरण कुटुंबाच्या आयुष्यातील एका वेगळ्या वर्षात घडते. मुलगा मोठा होतो, इंग्रजीकडे झुकतो, घरच्या भाषेला आणि घरच्या डब्याला संकोचतो.

भाषेच्या अभ्यासकाला यातील एक योजना विशेष महत्त्वाची वाटेल. पाककृती हा मुळातच गाळलेल्या जागांचा मजकूर असतो. 'मीठ अंदाजाने', 'पीठ सैलसर', 'खमंग वास येईपर्यंत' असे लिहिणारी व्यक्ती वाचणाऱ्याकडे पूर्वज्ञान आहे असे गृहीत धरते. ते ज्ञान कागदावर नसते. ते आईच्या शेजारी उभे राहून मिळते. वेन्बाला वही वाचताना अडचण येते ती कागद खराब झाल्यामुळे. पुढे मोठा झालेला कविन तीच वही उघडतो, तेव्हा अडचण भाषेची असते, कारण त्याचे तमिळ अपुरे आहे. खेळणाऱ्याच्या हातून होणारी कृती दोन्ही ठिकाणी सारखीच, पण तिचा अर्थ पूर्ण बदललेला असतो. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत भाषा कशी विरत जाते, हे येथे कोणी सांगत नाही. ते खेळणाऱ्याला स्वतः अनुभवावे लागते. नोकरीनिमित्त दूर गेलेल्या मराठी कुटुंबांतही आजीचे पत्र नातवाला वाचता न येण्याचा प्रसंग अपरिचित नाही.

गेमचे नावही लक्षात घ्यावे. 'वेन्बा' हे नायिकेचे नाव आहे आणि तमिळमधील एका प्राचीन पद्यप्रकाराचेही. 'तिरुक्कुरळ'मधील १३३० द्विपदी याच कुळातील 'कुरळ वेन्बा' या रचनेत आहेत. दोन ओळी आणि अवघी सात पदे, एवढाच तिचा विस्तार. साने गुरुजींनी हा ग्रंथ मराठीत आणला, तो त्याच्या द्विपदी लहान आहेत म्हणून कमी मोलाचा मानून नव्हे.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) पाककृतीला 'गाळलेल्या जागांचा मजकूर' का म्हटले आहे?
(आ) वही वाचताना वेन्बाला येणारी अडचण आणि कविनला येणारी अडचण यांत कोणता फरक आहे?

६.३.२ शब्दांचा विचार : किंमत, मूल्य, मोल

'हा गेम किमतीला योग्य आहे का?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी प्रश्नातील शब्द तपासले पाहिजेत. मराठीत या अर्थक्षेत्रात तीन प्रमुख शब्द आहेत.

'किंमत' हा मुळात अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. विक्रेत्याने सांगितलेला आकडा हा त्याचा प्राथमिक अर्थ. १४.९९ डॉलर ही 'वेन्बा'ची प्रकाशनसमयीची किंमत. ती आकड्यात सांगता येते आणि तिच्याबद्दल वाद होत नाही. फार तर सवलतीच्या दिवसांत ती उतरते.

'मूल्य' हा तत्सम शब्द 'मूल' या शब्दापासून झाला आहे. 'जीवनमूल्य', 'वाङ्मयीन मूल्य', 'मूल्यमापन' या प्रयोगांत तो आकड्यापासून दूर जातो आणि वस्तूच्या अंगभूत किंवा तिच्यापासून मिळणाऱ्या गुणाकडे निर्देश करतो. मूल्य व्यक्तिपरत्वे बदलू शकते, परंतु त्याची कारणे देता येतात. म्हणूनच मूल्याविषयी चर्चा शक्य होते.

'मोल' हा 'मूल्य' या शब्दाचाच तद्भव अवतार. मात्र मराठीच्या व्यवहारात त्याने स्वतःची वाट काढली. 'कवडीमोल', 'अनमोल', 'मोलाचा सल्ला' हे प्रयोग सर्वांना माहीत आहेत. 'मोलमजुरी' आणि 'मोलकरीण' या शब्दांकडे मात्र आपण पुरेसे लक्ष देत नाही. येथे 'मोल' म्हणजे श्रमाचा मोबदला. कोणीतरी वेळ आणि कष्ट दिले, त्याचे जे देणे लागते, ते मोल.

या तीन शब्दांच्या अर्थसीमा रोजच्या बोलण्यात एकमेकींत मिसळतात, हे खरे. 'त्याला माणसांची किंमत नाही' असे म्हणताना आपण मूल्याविषयीच बोलत असतो. तरीही चिकित्सेसाठी हा भेद उपयोगी आहे. किंमत विक्रेता सांगतो, मूल्य रसिकाला जाणवते आणि मोल निर्मात्याच्या श्रमाशी जोडलेले असते. 'किमतीला योग्य आहे का' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात हे तीन प्रश्न गुंतलेले आहेत.

आणखी एका शब्दप्रयोगाकडे पाहू : 'पैसे वसूल'. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडी हा प्रयोग सहज येतो. 'वसूल' हा शब्द महसुलाच्या परिभाषेतला. शेतसारा वसूल होतो, कर्ज वसूल होते. अर्थात या प्रयोगात कलाकृती ऋणको ठरते आणि प्रेक्षक धनको. दिलेली रक्कम परत मिळेपर्यंत खाते बंद होत नाही. प्रयोग चुकीचा नाही, पण तो वापरताना आपण कोणती भूमिका स्वीकारली आहे, याचे भान परीक्षकाला असावे.

६.३.३ वाक्यांचा विचार : निर्णय कोठे दडलेला असतो?

पुढील चार वाक्ये मोठ्याने वाचा.

(१) हा दीड तासाचा गेम आहे.
(२) हा अवघ्या दीड तासाचा गेम आहे.
(३) हा दीड तासाचाच गेम आहे.
(४) हा चांगला दीड तासाचा गेम आहे.

चारही वाक्यांत दिलेली माहिती एकच आहे. परंतु पहिले वाक्य केवळ माहिती देते. दुसरे आणि तिसरे वाक्य 'अपेक्षा याहून अधिक होती' असे सुचवते. चौथ्या वाक्यातील 'चांगला' हे विशेषण गेमच्या दर्जाविषयी नाही. 'चांगला दीड तास वाट पाहिली' यातल्याप्रमाणे ते कालावधी भरघोस असल्याचे सांगते. म्हणजे एक लहानसा शब्द किंवा '-च' एवढा प्रत्यय बदलला, की वस्तुस्थितीचे रूपांतर निर्णयात होते, आणि त्या निर्णयाचे कारण देण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही. परीक्षण वाचताना व लिहिताना अशा जागा हेरणे, हे भाषेच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे.

दुसरा मुद्दा सापेक्ष विशेषणांचा. 'लहान', 'मोठा', 'स्वस्त', 'महाग' ही विशेषणे तुलनेवाचून अर्थ देत नाहीत. लहान हत्ती हा मोठ्या उंदरापेक्षा मोठाच असतो, कारण दोघांची तुलना आपापल्या जातीशी होते. 'वेन्बा' लहान आहे, म्हणजे कोणाच्या तुलनेत? साठ तासांच्या साहसी गेमच्या तुलनेत तो अतिशय लहान आहे. एका बैठकीत संपणाऱ्या कथाप्रधान गेमच्या गटात मात्र तो सर्वसामान्य लांबीचा आहे. २०१२ साली आलेला 'जर्नी' हा गेम सुमारे दोन तासांत संपतो. त्याचे संगीत ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचले. त्याला 'अपुरा' ठरवायचे, तर आधी तुलनेचा गट सांगावा लागेल.

तिसरा मुद्दा 'परवडणे' या क्रियापदाचा. 'मला हा गेम परवडत नाही' आणि 'हा गेम महाग आहे' ही वाक्ये समानार्थी वाटतात, पण त्यांची रचना निराळी आहे. पहिल्या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती 'मला' अशा चतुर्थ्यन्त रूपात उपस्थित आहे. ते विधान बोलणाऱ्याच्या परिस्थितीविषयी आहे आणि त्यावर कोणी वाद घालू शकत नाही, घालूही नये. दुसऱ्या वाक्यातून व्यक्ती अदृश्य झाली आहे आणि 'महाग' हा जणू वस्तूचाच गुण झाला आहे. म्हणून त्याला कारणांची गरज आहे. आपली अडचण वस्तूचा दोष म्हणून मांडली जाते, तेव्हा बहुधा 'मला' या शब्दाची हकालपट्टी झालेली असते.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
(अ) 'शंभर पानांची कादंबरी' आणि 'शंभरच पानांची कादंबरी' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
(आ) 'परवडणे' या क्रियापदाच्या वाक्यरचनेतून बोलणाऱ्याविषयी कोणती माहिती मिळते?

६.३.४ युक्तिवादाचा विचार : तासांचा भाव

आता मूळ तक्रार युक्तिवादाच्या रूपात मांडू. भारतीय न्यायपरंपरेतील पंचावयव वाक्याची पद्धत येथे उपयोगी पडते. डोंगरावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचे प्रसिद्ध उदाहरण तुम्हांला ज्ञात असेल. त्याच साच्यात :

प्रतिज्ञा : 'वेन्बा' हा गेम किमतीला योग्य नाही.
हेतू : कारण तो दीड तासात संपतो.
उदाहरण (व्याप्तीसह) : जी जी कलाकृती दर तासाला अधिक पैसे घेते, ती ती किमतीला कमी योग्य असते, जसे – (येथे उदाहरण हवे).
उपनय : 'वेन्बा' दर तासाला सुमारे दहा डॉलर घेतो.
निगमन : म्हणून तो किमतीला योग्य नाही.

सगळा भार तिसऱ्या अवयवावर आहे. बोलताना तो क्वचितच उच्चारला जातो, म्हणून त्याला आपण गृहीतक म्हणतो. एकदा तो उघड मांडला, की त्याची परीक्षा करता येते. समजा, साठ डॉलरचा एक गेम साठ तास चालतो. दर तासाला एक डॉलर, म्हणजे या हिशेबाने तो 'वेन्बा'पेक्षा दहापट किफायतशीर. आता त्याच गेममध्ये निर्मात्याने तीस तासांचे एकसुरी, पुनरावृत्तीचे काम घातले असे समजा. लांबी नव्वद तास झाली, भाव आणखी उतरला. म्हणजे कंटाळा वाढवला तर गेम अधिक 'योग्य' ठरतो! हे निगमन कोणालाही मान्य होणार नाही.

आपल्या परिचयाच्या क्षेत्रातही व्याप्ती टिकत नाही. तासाभराच्या एकांकिकेचे तिकीट तीन तासांच्या नाटकाच्या तिकिटाच्या एकतृतीयांश असावे, असा आग्रह कोणी धरत नाही. पुरणपोळीचे जेवण अर्ध्या तासात उरकते. तिथेही आपण मिनिटांचा भाव काढत नाही. पुस्तकाची किंमत ठरवताना प्रकाशक कागद, छपाई आणि सोळा पानांच्या फर्म्यांची संख्या हिशेबात घेतो, हे खरे. परंतु ती किमतीची मीमांसा झाली, मूल्याची नव्हे. जो हेतू साध्य असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही ठिकाणी आढळतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. लवकर संपणे हा गुण निकृष्ट कलाकृतीत आढळतो आणि उत्कृष्ट कलाकृतीतही. म्हणून एकट्या लांबीवरून काहीच सिद्ध होत नाही.

६.३.५ विकत घेणाऱ्याची बाजू

येथवर वाचून 'मग लांबीचा उल्लेखच करू नये' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. हे तासांचे माप आले कोठून, हे पाहिले पाहिजे. १९८०च्या आसपास 'पॅक-मॅन'सारखे गेम सार्वजनिक यंत्रांवर खेळले जात. नाणे टाकायचे आणि डाव संपेपर्यंत खेळायचे. तेथे एका नाण्यात किती वेळ टिकता येते, हा प्रश्न स्वाभाविकच होता. पुढे गेम घरात आले, एकरकमी किमतीला मिळू लागले. ज्याला वर्षातून एखादाच गेम घेणे शक्य आहे, त्याने 'हा सुट्टीभर पुरेल का' असे विचारले, तर त्यात अरसिकता नाही. महिन्याच्या अखेरीस पुस्तक घ्यावे की मुलाचे दप्तर, असा विचार करणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शिवाय लहान असणे आणि अपुरे असणे यांतही भेद आहे. मराठीने तो शब्दांतच जपला आहे. 'आटोपशीर', 'नेटका', 'सुटसुटीत' हे शब्द स्तुतिपर आहेत. 'त्रोटक', 'तोकडा', 'अपुरा' हे निंदापर. दोन्ही गटांतील शब्द कमी विस्ताराकडेच निर्देश करतात. कोणता शब्द वापरावा, हे कसे ठरवायचे? त्यासाठी एक साधी कसोटी सुचवतो : आणखी दोन तास मिळाले असते, तर ते कशासाठी वापरले गेले असते? उत्तर 'आणखी तसेच प्रसंग' असे येत असेल, तर कलाकृती आटोपशीर आहे. एखादे पात्र, एखादा संबंध, एखादी सुरू केलेली कल्पना अपूर्ण राहिली आहे, असे उत्तर येत असेल, तर ती त्या प्रमाणात त्रोटक आहे.

ही कसोटी 'वेन्बा'ला लावली, तर उत्तर संमिश्र येते. पाककृतींच्या कोड्यांची संख्या वाढवून काही साधले नसते. ती मुळातच सोपी आहेत आणि त्यांचे काम आव्हान देण्याचे नाही. मात्र प्रकरणाप्रकरणांतून वर्षे झपाट्याने उलटतात आणि पावलनची व्यक्तिरेखा पुरेशी उलगडत नाही. त्याच्या वाट्याला आणखी एखादे प्रकरण यायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

६.३.६ करणाऱ्याची बाजू

आता 'मोल' या तिसऱ्या शब्दाकडे येऊ. संगणकावरील गेम विकणारे 'स्टीम' हे मोठे डिजिटल दुकान आहे. २०१५ पासून तेथे असा नियम आहे, की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वेळ खेळलेला गेम परत करता येतो. ग्राहकाला फसवणुकीपासून संरक्षण देणारा हा नियम स्वागतार्हच आहे. परंतु जो गेम मुळातच दोन तासांपेक्षा लहान आहे, तो शेवटपर्यंत खेळून, अगदी आवडूनही, परत करता येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' या सुमारे दीड तासाच्या गेमच्या निर्मात्याने याच कारणाने गेमनिर्मिती अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. गेमला अनुकूल अभिप्राय मिळत होते, तरीही परत येणाऱ्या प्रतींची संख्या मोठी होती.

येथे काय घडले, ते नीट पाहा. 'किती वेळ' हे माप नियमात शिरले, नियमातून ते बाजारात स्थिरावले आणि बाजारातून ते निर्मात्याच्या निर्णयापर्यंत पोहोचले. लहान कलाकृती करणाऱ्यापुढे मग दोनच मार्ग उरतात : ती ताणून लांबवणे किंवा करणेच सोडून देणे. कथेला पानांवरून मानधन मिळू लागले, तर कथाकार काय करील, याची कल्पना तुम्ही करू शकता. परीक्षकाच्या एका '-च' प्रत्ययाचे वजन किती असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

६.३.७ निर्णय कसा मांडावा?

अभ्यासासाठी रचलेले पुढील दोन परिच्छेद वाचा.

परिच्छेद अ : 'पंधरा डॉलर मोजून फक्त दीडच तास! जेवण करायला बसलो आणि ताट उचलले गेले, अशी अवस्था झाली. पैसे वाया. कोणीही घेऊ नये.'

परिच्छेद ब : 'कलेला घड्याळ लावणारे अरसिक असतात. हा गेम अमूल्य आहे. ज्याला भावना आहेत, त्याने किंमत न पाहता तो घ्यावा.'

दोन्ही परिच्छेद सदोष आहेत आणि त्यांचा दोष एकच आहे. पहिल्याने मूल्याचा प्रश्न किमतीत बुडवला, दुसऱ्याने किमतीचा प्रश्न मूल्यात. पहिल्यात गेममध्ये काय आहे, हे कळत नाही. दुसऱ्यात वाचकाच्या खिशाचा विचारच नाही. दोघेही 'कोणीही' आणि 'ज्याला भावना आहेत त्याने' असे सर्वांच्या वतीने बोलतात. आता तिसरा परिच्छेद पाहा.

परिच्छेद क : 'हा गेम एका संध्याकाळी, सुमारे दीड तासात संपतो आणि पुन्हा खेळण्यासारखे त्यात फारसे काही नाही. कोडी सोपी आहेत. आव्हान शोधणाऱ्याने दुसरीकडे वळावे. आई आणि मुलगा यांच्यामधून एक भाषा हळूहळू कशी निसटते, हे मात्र तो खेळणाऱ्याच्या हातांनी करवून घेतो, आणि त्यासाठी याहून अधिक वेळ त्याला लागत नाही. पित्याची व्यक्तिरेखा अपुरी राहिली आहे. ज्यांच्या घरात दोन भाषा नांदतात, त्यांना पूर्ण किंमत देऊनही मी तो सुचवीन. महिन्याला एकच गेम घेणे ज्यांना परवडते, त्यांनी सवलतीची वाट पाहावी. गेम तोवर शिळा होणार नाही.'

येथे लांबी सांगितली आहे, पण ती माहिती म्हणून. निर्णयाची कारणे स्वतंत्रपणे दिली आहेत. दोष लपवलेला नाही. मुख्य म्हणजे, कोणासाठी योग्य आणि कोणासाठी नाही, हे स्पष्ट केले आहे. प्रस्तुत लेखकाचा निर्णयही हाच आहे. 'वेन्बा' त्याच्या किमतीला योग्य आहे, परंतु ते विधान 'कोणाला' या चतुर्थीवाचून पूर्ण होत नाही.

६.४ सारांश

लहान कलाकृती तिच्या किमतीला योग्य आहे का, या प्रश्नात किंमत, मूल्य आणि मोल असे तीन प्रश्न गुंतलेले असतात. 'अवघा', 'फक्त', '-च' यांसारख्या शब्दांतून व प्रत्ययांतून कारण न देता निर्णय सुचवला जातो. 'लहान' आणि 'महाग' ही सापेक्ष विशेषणे तुलनेचा गट सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाहीत. दर तासाच्या भावावर आधारलेला युक्तिवाद सव्यभिचार ठरतो, कारण लवकर संपणे हा गुण चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही कलाकृतींत आढळतो. तथापि लांबी जाणून घेणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. लांबी ही परीक्षणातील माहिती असावी, निकाल नसावा.

६.५ पारिभाषिक शब्द

गृहीतक : युक्तिवादात उघडपणे न मांडलेले, परंतु निष्कर्षासाठी आवश्यक असलेले विधान.
व्याप्ती : हेतू आणि साध्य यांचा नित्य संबंध.
सव्यभिचार हेत्वाभास : साध्याच्या अभावीही आढळत असल्यामुळे सदोष ठरणारा हेतू.
सापेक्ष विशेषण : तुलनेचा गट गृहीत धरूनच अर्थ देणारे विशेषण.
तद्भव : संस्कृत शब्दात ध्वनिपरिवर्तन होऊन रूढ झालेला शब्द.

६.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) पाककृती लिहिणारी व्यक्ती वाचणाऱ्याचे पूर्वज्ञान गृहीत धरते व प्रमाण, पोत, वेळ यांविषयीचा बराच तपशील न लिहिता सोडते, म्हणून. (आ) वेन्बाची अडचण कागदाची, म्हणजे फाटलेल्या व पुसट पानांची आहे. कविनची अडचण भाषेची आहे.
प्रश्न – २ : (अ) पहिल्या शब्दबंधात पृष्ठसंख्येची माहिती आहे, दुसऱ्यात '-च' मुळे अधिक पानांची अपेक्षा होती असे सूचित होते. (आ) अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थ्यन्त रूपात येत असल्यामुळे विधान त्या व्यक्तीच्या आर्थिक परिस्थितीविषयी आहे, हे कळते.

६.७ स्वाध्याय

१. 'किंमत', 'मूल्य' आणि 'मोल' या शब्दांचे प्रत्येकी तीन प्रयोग देऊन त्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. 'हे पुस्तक महाग आहे, कारण ते ऐंशी पानांचे आहे' हा युक्तिवाद पंचावयव पद्धतीने मांडा व त्यातील गृहीतकाची चिकित्सा करा.
३. 'आटोपशीर' आणि 'त्रोटक' या शब्दांच्या वापरामागील निकष तुमच्या वाचनातील एका कथेच्या आधारे सांगा.
४. उपक्रम : गेल्या महिन्यात तुम्ही पैसे देऊन अनुभवलेल्या कोणत्याही एका लहान कलाकृतीचे (एकांकिका, लघुपट, काव्यसंग्रह किंवा गेम) दोनशे शब्दांत परीक्षण लिहा. तिची लांबी व किंमत सांगा, परंतु 'फक्त', 'अवघा', 'केवळ' हे शब्द आणि '-च' हा प्रत्यय वापरू नका. लिहून झाल्यावर तुमच्या निर्णयाची कारणे तरीही शिल्लक राहतात का, ते तपासा.